जादू आवडला, तर का आवडला तेही सांगा

दिवाळी झाली की आपल्या भागात मंडई भरते. रात्री नाटक लागतं. माणसं थंडीत चादरी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर त्या नाटकाचा निकाल लागतो. खलनायक कसा होता, दुसऱ्या अंकात कुठे ढिलाई आली, कोणतं गाणं उगाच घुसवलं होतं, हे सांगायला कोणी मागे राहत नाही. धान चुरणारा सांगतो. चहावाला सांगतो. दहावीतलं पोरगंही सांगतं. मत द्यायला कोणी कोणाची पदवी विचारत नाही.

हीच माणसं यंत्रमानवाचा किंवा परग्रहाचा सिनेमा पाहून आली की गप्प होतात. "आपल्याला त्यातलं काय समजते बापा," एवढ्यावर विषय संपतो. घरातलं पोरगं मात्र तोच सिनेमा मोबाइलवर एकटं पाहतं. एकटंच विचार करतं आणि एकटंच घाबरतं.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. विज्ञानाचा सिनेमा पाहिलात, तर त्यावरही घरात बोला. झाडीपट्टीच्या नाटकावर बोलता तसंच, मोकळेपणाने बोला.

सुरुवात सोपी आहे. रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुझा आवडता सिनेमा कोणता? माणसाच्या उत्तरावरून त्याचं वय कळतं. पन्नाशीतला माणूस १९८७ चा 'मिस्टर इंडिया' सांगेल. त्या वेळी गावात व्हीसीआर भाड्याने आणायचे, अंगणात टीव्ही मांडायचे आणि अर्धं गाव जमिनीवर बसायचं. त्याच्याहून धाकटा 'जुरासिक पार्क' सांगेल. तो १९९४ मध्ये हिंदीतून आला आणि आपल्याकडच्या पोरांनी पहिल्यांदा डायनासोर चालताना पाहिला. तिशीतली सून २००३ च्या 'कोई... मिल गया'मधला परग्रहावरचा जादू सांगेल. भाचा २०१० चा 'रोबोट' सांगेल. कॉलेजातलं पोरगं 'इंटरस्टेलर' सांगेल. तो सिनेमा फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा पडद्यावर लागला, तेव्हा गाडी पकडून नागपूरला पाहायला गेलेली पोरं मला माहीत आहेत.

कोणाच्या आवडीला हसू नका. आजोबांना 'मिस्टर इंडिया' आवडतो तर आवडू द्या. पोरीला कार्टूनमधला यंत्रमानव आवडतो तर तोही ऐकून घ्या. एकदा हसलात की ते माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. आपल्या घरांत असं फार होतं.

दुसरी गोष्ट. "भारी होता" किंवा "बकवास होता" इथे थांबू देऊ नका. एक प्रसंग सांगायला लावा आणि तो का आवडला ते विचारा. एवढं पुरतं. ज्याने पाहिला नसेल त्याच्यासमोर शेवट मात्र सांगू नका. त्याची मजा त्याला मिळू द्या.

तुम्ही म्हणाल, इंग्रजांच्या सिनेमात आपलं काय? 'इंटरस्टेलर'चंच बघा. त्यातला नायक शेतकरी आहे. पिकांवर रोग येतो. गहू आधीच गेलेला असतो. शेजारचा शेतकरी भेंडीचं शेवटचं पीक जाळतो. उरतो तो मका, आणि त्याचेही दिवस भरत आलेले. घरात धूळ इतकी की ताटं पालथी घालून ठेवावी लागतात. हे दृश्य मोठ्या शहरातल्या माणसाला परग्रहावरचं वाटेल. तिरोड्याच्या, आमगावच्या शेतकऱ्याला वाटणार नाही. ऐन निसवण्याच्या वेळी करपा आला की काय होतं, तुडतुडे आले की बांधीतलं धान कसं जळल्यासारखं दिसतं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या सिनेमाचा हा भाग तुम्हाला इतर कोणाहूनही जास्त कळतो. तो तुम्ही पोरांना सांगा. पोरं तुम्हाला कृष्णविवर सांगतील. सौदा दोघांच्याही फायद्याचा आहे.

त्याच सिनेमात भारताचं सौरऊर्जेवर उडणारं एक बेवारस विमान मक्याच्या शेतावरून जातं. बाप आणि पोरं गाडी घेऊन त्याच्या मागे धावतात. तेवढं दृश्य घरातल्या सगळ्यांना दाखवा. टाळ्या पडतील.

आता मुख्य कामाकडे येतो. सिनेमावर बोलताना सूप हातात घ्या. खरं काय, पुढे होऊ शकेल असं काय आणि नुसती कल्पना काय, हे पाखडून वेगळं करा. कल्पना फेकायची नाही. तिचीही आपल्याला गरज आहे. फक्त तिचा ढीग वेगळा ठेवायचा.

'मिस्टर इंडिया'पासून सुरू करा. पोराला विचारा, माणूस खरंच अदृश्य झाला तर त्याला स्वतःला दिसेल का? थोडा वेळ द्या. मग सांगा. आपल्याला दिसतं, कारण प्रकाश डोळ्याच्या आतल्या पडद्यावर अडतो. सगळा प्रकाश आरपार गेला तर तिथे अडणार काय? अदृश्य माणूस आंधळा असेल. हे ऐकून पोरांचे चेहरे कसे होतात ते पाहा. सिनेमाची मजा त्याने कमी होत नाही, उलट दुसऱ्यांदा पाहताना वाढते.

'जुरासिक पार्क'मध्ये डासाच्या पोटातल्या रक्तातून डायनासोर बनवतात. ही नुसती कल्पना. डायनासोर संपून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं झाली. इतके दिवस रक्तातला डीएनए टिकत नाही. शास्त्रज्ञांना आजवर सापडलेला सर्वांत जुना डीएनए सुमारे २० लाख वर्षांचा आहे. पण डायनासोर खरे होते, आणि आपल्यापासून लांबही नव्हते. गोंदियाहून रेल्वेने जबलपूरला जाता येतं. त्याच जबलपुरात १८२८ मध्ये स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला मोठी हाडं सापडली. भारतात डायनासोरची हाडं पहिल्यांदा सापडली ती तिथे. पोराला हे सांगा. अमेरिकेतला प्राणी अचानक मामाच्या गावाजवळचा होतो.

'इंटरस्टेलर'मध्ये एका ग्रहावरचा १ तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं. हे ऐकून घरातली मोठी माणसं हसतील. इथे थांबून सांगा, की काळ सगळीकडे सारखा चालत नाही ही गोष्ट खरी आहे. सिनेमाने ती फार ताणली आहे, पण मूळ खरं आहे. तुमच्या मोबाइलमधला नकाशा ज्या उपग्रहांवर चालतो, त्यांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंदांनी पुढे जातात. ती दुरुस्त करावी लागतात. केली नाहीत, तर एका दिवसातच नकाशा काही किलोमीटर चुकेल. गोंदियात उभे असाल आणि फोन गोरेगावचा रस्ता दाखवेल. या सिनेमासाठी किप थॉर्न नावाच्या शास्त्रज्ञाने सल्ला दिला होता. त्यांना पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळालं.

असं पाखडायची सवय घराला का हवी, त्याचं कारण फार दूरचं नाही.

२ एप्रिल २०२२ आठवा. गुढीपाडव्याचा दिवस होता. संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते लोळ सरकत गेले. कित्येकांनी अंगणातून पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं येऊन पडलं. आजूबाजूच्या गावांत पुढे गोळेही सापडले. त्या रात्री फोनवर काय काय फिरलं! कोणी म्हणालं उडती तबकडी. कोणी म्हणालं क्षेपणास्त्र. कोणी म्हणालं अपशकुन. लहान मुलं रात्री बाहेर यायला घाबरली.

ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असं जाणकारांनी लवकरच सांगितलं. रॉकेट उपग्रह सोडून देतं. त्याचा रिकामा भाग फिरत राहतो. कधीतरी तो खाली येतो, हवेशी घासून जळतो आणि जळायचा राहिलेला तुकडा जमिनीवर पडतो. एवढीच गोष्ट. ज्या घरात सिनेमावर बोलणं होतं, त्या घरात ती रात्र भीतीत जाण्याऐवजी गप्पांत जाऊ शकली असती.

तेव्हा पुढच्या वेळी आकाशात काही दिसलं तर आधी घड्याळ पाहा. वेळ आणि दिशा लिहून ठेवा. एका ओळीत जाणारे दिवे दिसले तर ती उपग्रहांची माळ असू शकते. असे बरेच उपग्रह आता एकत्र सोडतात. शेतात काही पडलेलं सापडलं तर हात लावू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका, पोलीस पाटलाला कळवा. आणि खात्री होईपर्यंत कोणालाही व्हिडिओ पुढे पाठवू नका. सिनेमातला तुकडा कापून "आत्ताच घडलेलं" म्हणून पाठवणारे पुष्कळ असतात. तुम्ही पाठवलं की त्यावर तुमच्या नावाचा भरवसा बसतो. तुमची आत्या ते तुमच्या नावावर खरं मानते.

'इंटरस्टेलर'मध्ये शाळेतली बाई सांगते, माणूस चंद्रावर गेलाच नाही, ते सगळं खोटं होतं. बाप चिडतो. आपल्याकडेही हे ऐकू येतं. तुमच्या घरात कोणी असं म्हणालं तर भांडू नका. शांतपणे सांगा, की आपल्याच चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याने अपोलो ११ उतरलं त्या जागेचं चित्र टिपलं आहे. आणि २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरताना शाळाशाळांतून टीव्ही लावले होते, ते पोरांना आठवत असेलच.

'रोबोट'बद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तो आता सिनेमा राहिलेला नाही. त्यात चिट्टी नावाचा यंत्रमानव आगीतून माणसं वाचवतो. एक मुलगी आंघोळ करत असते. तो तिला तशीच उचलून गर्दीसमोर, कॅमेऱ्यांसमोर आणतो. जीव वाचला, काम झालं, असं त्याला वाटतं. ती मुलगी लाजेने सैरावैरा धावते आणि गाडीखाली येते. यंत्राला आग कळली. अब्रू कळली नाही. माझ्या मते त्या अख्ख्या सिनेमातलं सर्वांत खरं दृश्य हेच. मारामाऱ्या विसरल्या तरी चालतील, हे दृश्य पोरांशी बोला. तुमच्या हातातल्या फोनलाही अब्रू कळत नाही. कोणाचा अपघात, कोणाचं भांडण, कोणाच्या पोरीचा फोटो, फोन सगळं सारखंच पुढे ढकलतो. थांबवायचं काम माणसाचं आहे.

यंत्र आता माणसाचा आवाजही काढतं. पुतण्याच्या आवाजात फोन येतो, "काका, अपघात झाला, पैसे टाका." पूर्वी हे सिनेमात घडायचं. आता घरात घडतं. म्हणून आजच घरातल्या घरात एक खुणेचा शब्द ठरवा. घाईचा फोन आला की तो शब्द विचारा. सांगता आला नाही तर फोन ठेवा आणि पुतण्याच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन करा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या मदत क्रमांकावर कळवा.

आता सिनेमा मिळवायचा कुठून, हेही सांगतो. फुकटच्या लिंका आणि "पूर्ण सिनेमा" म्हणून आलेल्या फाइली उघडू नका. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती सिनेमा नसतेच. ते फोनमध्ये शिरणारं ॲप असतं, आणि ते तुमच्या बँकेपर्यंत पोचू शकतं. टॉकीजमध्ये पडद्याचं चित्रीकरण करू नका. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ३ महिने आणि जास्तीत जास्त ३ वर्षं तुरुंग आहे, दंड किमान ३ लाखांचा. पोरं गमतीने करतात. गंमत बापाला वर्षाच्या धानाइतकी महाग पडेल. त्यांना आधीच सांगून ठेवा.

सिनेमाच्या प्रमाणपत्रावर आता यूए ७+, १३+, १६+ असं लिहिलेलं असतं. ते वाचा. लहान मूल घाबरलं तर "त्यात काय भ्यायचं" म्हणू नका. सिनेमा थांबवा. त्या राक्षसाच्या आत माणूस असतो किंवा तो संगणकावर काढलेला असतो, हे सांगा. 'जादू'च्याही पोशाखात एक कलाकार होता.

जादूवरून एक बोलणं राहून गेलं, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. 'कोई... मिल गया'मधल्या रोहितची बुद्धी वयाच्या मागे राहिली आहे. मुलं त्याला चिडवतात. जादू त्याला शक्ती देतो, मग तो हुशार होतो, खेळात जिंकतो, सगळ्यांचा लाडका होतो. सिनेमा मलाही आवडतो. पण घरात हा प्रश्न जरूर विचारा. जादू आलाच नसता तर रोहितवर कोणी प्रेम केलं असतं का? त्याची आई करत होती. त्याचे छोटे दोस्त करत होते. आपल्या प्रत्येक गावात एखादा रोहित आहे. त्याला लोक कोणत्या नावाने हाक मारतात ते तुम्हाला ठाऊक आहे. ती हाक तुमच्या घरातून तरी बंद करा.

त्या सिनेमात रोहितचा बाप आकाशात संदेश पाठवतो. तसे संदेश माणसाने खरोखर पाठवले आहेत. १९७७ मध्ये सुटलेल्या व्हॉयेजर यानांवर एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यावर जगभरचं संगीत आहे आणि भारतातून आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तो आवाज आज सगळ्या ग्रहांच्या पलीकडे आहे. पोरांना ही गोष्ट सांगताना माझा स्वतःचा आवाज जड होतो.

शेवटी आपल्या अंगणातला विषय. '२.०' हा सिनेमा २०१८ चा. त्यात पाखरांवर जीव लावणारा एक म्हातारा आहे. मोबाइलच्या टॉवरमुळे पाखरं मरतात, असं त्याचं म्हणणं. तो सिनेमा पाहून पुष्कळांनी टॉवरलाच दोष दिला. टॉवरच्या लहरींनी पाखरं अशी पटापट मरतात हे सिद्ध झालेलं नाही. पण म्हाताऱ्याची कळकळ खोटी नाही, आणि ती गोंदियाच्या माणसाला समजायलाच हवी. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते जवळजवळ सगळे आपल्याच जिल्ह्यात, तेही मोजून काही डझन. माणसाएवढा उंच पक्षी. जोडीने राहतो. धानाच्या बांधीत नाहीतर तलावाच्या काठाला घरटं करतो, बहुधा दोनच अंडी घालतो. त्याला खरा धोका लोंबणाऱ्या विजेच्या तारांचा, फवारणीच्या विषाचा आणि बुजत चाललेल्या बोड्यांचा आहे. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली.

म्हणून '२.०' पाहिलात तर तेवढ्यावर थांबू नका. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरांना घेऊन बांधावर जा. लांबूनच सारस दाखवा. घरट्याजवळ जाऊ नका, फोटोसाठी तर नाहीच. तुमच्या बांधीत घरटं असेल तर तेवढा तुकडा फवारू नका. तार लोंबत असेल तर वीज कार्यालयात लेखी अर्ज द्या. सिनेमातल्या म्हाताऱ्याला जे जमलं नाही, ते तुम्हाला एका अर्जाने जमू शकतं.

बोलायचं कोणत्या भाषेत, असं विचाराल. जी घरात बोलता तीत. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, काहीही चालेल. इंग्रजी नावं चुकली तरी बिघडत नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही आपली पहिली विज्ञानकथा मराठीत लिहिली आणि मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली. तेव्हा ते जगभर नावाजलेले शास्त्रज्ञ होते. तरी त्यांनी नाव घातलं नारायण विनायक जगताप. गोष्ट गोष्टीच्या गुणावर तपासली जावी, नावावर नको, हा त्यांचा हेतू. तिला पहिलं बक्षीस मिळालं. २० मे २०२५ ला नारळीकर गेले. त्यांची पुस्तकं ग्रंथालयात मिळतात. 'यक्षांची देणगी' मागून घ्या. सिनेमा पाहून झाला की त्यातली एक गोष्ट घरात मोठ्याने वाचा.

तर येत्या रविवारी एक सिनेमा निवडा. शेजारच्या एखाद्या घरालाही बोलवा. सिनेमा संपल्यावर लगेच उठू नका. पहिलं मत घरातल्या सगळ्यात लहान माणसाला विचारा, आणि त्याचं बोलून होईपर्यंत मध्ये बोलू नका.